शनिवारची कणीक

माझा धाकटा भाऊ गुरुवारी तुरुंगातून घरी आला, आणि शनिवारी आमच्या बेकरीत प्रभुभोजनाच्या कणकेला कोण हात लावणार, हा प्रश्न उभा राहिला.

आजोबांनी भट्टी बांधली तेव्हापासूनचा नियम होता. रोजचा पाव कोणीही मळावा, कुरकुरत मळावा, शिव्या देत मळावा. पण रविवारी चर्चमध्ये जी भाकर मोडली जाते, तिची कणीक मळणाऱ्याचं घरातल्या कोणाशी वाकडं असता कामा नये. असेल तर आधी ते मिटवायचं, मग हात धुवायचे. आणि त्या कणकेची चव घ्यायची नाही. पहिली चव चर्चच्या मंडळीची. या नियमापायी आमच्या घरातली कितीतरी भांडणं शनिवारी दुपारी घाईघाईने मिटलेली मी पाहिली आहेत. एकदा बाबा आणि काका दाराच्या बिजागरीवरून आठवडाभर अबोला धरून होते. शनिवारी दोघं काठवटीपाशी आले आणि एकमेकांकडे न बघता एकदमच म्हणाले, "बरं, तुझंच खरं." बिजागरी शेवटपर्यंत कुरकुरत राहिली.

थोरल्या भावाची बायको, आमची वहिनी, गेल्यावरही दर शनिवारी थोरलाच मळत आला. धाकटा घरात नव्हता, तेव्हा घरातल्या कोणाशी वाकडं असण्याचा प्रश्नच नव्हता. ही पळवाट आम्हा सगळ्यांच्या सोयीची होती, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोललं नाही. आता तो माळ्यावर होता, पिठाच्या गोण्यांशेजारी. आईने स्वतः गादी घालून दिली होती.

त्यात तो रविवार साधा नव्हता. थोरल्याच्या मुलीचं दृढीकरण होतं. लहानपणी ती पावाचे चुरे वेचत भिंतीकडेने फिरायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. आता मुंगी बापाच्या खांद्याला लागली होती, आणि उद्या तिला पहिल्यांदा प्रभूची भाकर मिळणार होती. तिची आई गेली तेव्हा तिला बुटांचे बंद बांधता येत नव्हते. एका लग्नघरी पाव पोचवून परत येताना धाकट्याने बेकरीची गाडी दारूच्या नशेत पुलाच्या कठड्यावर घातली. शेजारी वहिनी बसली होती. त्याच्या फक्त मनगटाला लागलं.

"मी मळतो," थोरला बाह्या सारत म्हणाला.

आई स्टुलावर बसली होती. दोन्ही हात काठवटीच्या कडेवर, कोणी ती उचलून नेईल अशा धास्तीने. "तुझं कोणाशी वाकडं आहे?"

"नाही."

"माळ्यावर कोण आहे?"

"कोणी नाही."

"गादी मी घातली. तिच्यावर भूत झोपतं का?"

"माझ्या लेखी तिथे कोणी नाही. जो नाहीच, त्याच्याशी वाकडं कसलं?"

"मग पीठ चाळून ठेव आणि जा," आई म्हणाली. "सख्खा भाऊ दिसत नाही तुला. कणीक काय दिसणार."

इतक्यात घड्याळवाले आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि ते मंडळीच्या पंचांपैकी एक होते. "मुद्दाम नाही आलो, जाता जाता डोकावलो," असं ते नेहमी म्हणत. त्यांचं घर उलट्या दिशेला होतं.

"पंचांचं म्हणणं असं," टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "की त्याने उद्या मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यावी. मग भाकर. नाहीतर मागच्या बाकावर बसावं आणि ताट पुढे जाऊ द्यावं."

"पाळकसाहेब काय म्हणतात?" आईने विचारलं.

"ते म्हणाले, ताट फिरवणाऱ्याने ठरवावं."

ताट फिरवणारा सेवक त्या वर्षी थोरला होता. पाळकसाहेबांनी आपलं घोंगडं अलगद दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलं होतं.

"उभा राहील की," आई म्हणाली. "पण एकट्याला लाज वाटेल. तुम्ही सोबत उभे राहा. आधी तुम्ही तुमचं सांगा, मग तो सांगेल."

"माझं काय आहे सांगण्यासारखं?"

"आठवत नसेल तर तुमच्या घरच्या मंडळींना बोलावते. त्यांना आठवेल."

"मी उभा राहणार नाही." आवाज शिडीवरून आला. धाकटा खाली उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला, जमिनीवर पाय ठेवायची परवानगी मिळाली नसल्यासारखा. "कोर्टात उभा राहिलो होतो, काका. ज्यांना ऐकायचा हक्क होता ते सगळे तिथे हजर होते. उद्या भाकरही मागणार नाही. तुम्ही निवांत घरी जा."

"बघा. पश्चात्तापाचा लवलेश तरी दिसतो का चेहऱ्यावर," घड्याळवाले आईला म्हणाले.

"चेहराच असा आहे माझा. बाबांवर गेलाय."

थोरला पीठ चाळत होता. चाळणं थांबवून तो आईला म्हणाला, "त्याला सांग, भट्टीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"त्याला सांग, नाही टाकत," धाकटा म्हणाला.

"मी काय टपालखातं आहे?" आई स्टुलावरून उठली. तिच्या गुडघ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. "आणि तू रे. भाकर मागणार नाही म्हणे. तुझं पाप काय एवढं मोठं लागून गेलं, की प्रभूलाही पेलू नये? सगळ्या जगाचं उचललं त्याने, आणि तुझं तेवढं जड झालं?"

"आई, मी तसं नाही म्हणत."

"तसंच म्हणतोस. एवढी वर्षं मी गाडी बदलून बदलून तुला भेटायला आले, आणि दर वेळी तू मान खाली घालून बसलास. मला वाटायचं लाज आहे. आता वाटतं, गर्व आहे. आपल्यासारखा पापी दुसरा नाही, याचाही गर्व असतो माणसाला."

धाकट्याने पायरी सोडून पाय जमिनीवर ठेवला.

"मग माझी भाकर कोण करणार?" मुंगीने दारातून विचारलं. ती कधीपासून तिथे होती, देव जाणे.

"बाजारातून पाव आणू," थोरला म्हणाला.

आमच्या घरात, आजोबांच्या भट्टीपुढे, बाजारातून पाव. घड्याळवाल्यांचीसुद्धा टोपी फिरायची थांबली.

"नाहीतर नियमाने काय ते बघू," मुंगी म्हणाली. "आत्या, तुझं कोणाशी वाकडं आहे?"

"माझं दोघांशी आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

"आजी?"

"माझं आत्ता या टोपीवाल्यांशी झालं, पण ते घरातले नाहीत. घरात म्हणशील तर तुझ्या बापाशी आहे."

"काका, तुझं?"

धाकट्याने बराच विचार केला. "त्याचं माझ्याशी आहे," तो म्हणाला. "माझं कोणाशी नाही."

ते शब्द बाहेर पडले आणि त्यांचा अर्थ आम्हा सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आला. थोरल्याने चाळणी खाली ठेवली, हळूच, फुटणारी वस्तू ठेवावी तशी.

"म्हणजे ज्याने मारलं त्याचे हात चालतात," तो म्हणाला. "आणि ज्याचं गेलं, त्याचे चालत नाहीत. आजोबांच्या घरातला हा न्याय."

कृपेवरची प्रवचनं आयुष्यभर ऐकली, पण थोरला त्या दिवशी जे बोलला त्याला पुरून उरेल असं एकही आठवत नाही.

"काका मळेल," मुंगी म्हणाली.

"तुझ्या आईला ज्याने..."

"माझ्या आईला. हो, बाबा, माझ्या." ती रडत नव्हती. तिचा आवाज तेव्हाच आजीच्या वळणावर गेला होता. "तुम्ही तिला तुमच्या एकट्याची करून कुलपात ठेवलं आहे. तिच्याबद्दल मला विचारायचं असलं तर तुमच्याकडे बघून विचारायची हिंमत होत नाही. मी त्याला माफ केलं असं कुठे म्हटलं? त्याच्या हातांनी आईला नेलं. त्याच हातांनी आता माझी भाकर करावी. या घरासाठी एकदा तरी काहीतरी नीट करून दाखवावं त्याने."

थोरल्याने अॅप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि तो बाहेर पडला. जाताना घड्याळवाल्यांना म्हणाला, "चला, तुमच्याकडे चहा पाजा." घड्याळवाले गांगरून त्याच्यामागे गेले, बरोबर उलट्या दिशेला.

*

पुढचं मला मुंगीने सांगितलं, तिचं लग्न झाल्यावर, एका दुपारी.

धाकट्याने कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. पिठात आळं केलं, खमीर सोडलं, आणि त्याच दमात मिठाच्या बरणीतून मूठभर मीठ टाकलं.

"मीठ आत्ताच?" मुंगीने विचारलं. आमच्या घरी मीठ शेवटी पडतं. कणीक मळायची, झाकून ठेवायची, याला आम्ही कणीक झोपली म्हणतो, आणि ती झोपेतून उठली की मीठ घालून पुन्हा मळायची.

"तिकडे तुरुंगाच्या भट्टीत असंच करायचे," तो म्हणाला. "तिकडे कणकेला झोपायला वेळ नसायचा. एकदम शेकड्यांनी पाव."

मुंगी पाणी घालत राहिली. त्याचे हात चांगले चालत होते. ते पाहून तिला राग आला, आणि राग आल्याचं नवल वाटलं.

"आई शेवटचं काय म्हणाली?"

त्याचे हात थांबले नाहीत. "म्हणाली, हळू चालव."

"मग?"

"मी म्हटलं, वहिनी, तुम्ही डोळे मिटून घ्या, घर आलं की उठवतो."

पाण्याचं भांडं मुंगीच्या हातात तसंच राहिलं.

"हे कोर्टात कोणी विचारलं नाही," धाकटा म्हणाला. "तू विचारलंस म्हणून सांगितलं. दुसरं कोणी विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"मग नीट मळ. इकडे गाठ राहिली आहे."

त्याने गाठ मोडली. कणीक झाकली, वर ओलं फडकं घातलं, आणि दोघं खोलीबाहेर आले. आई त्यांना जेवायला हाका मारत होती.

*

थोरल्याने आपल्या बाजूचं फार उशिरा सांगितलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, पट्ट्या बांधलेल्या, मी पलंगाशेजारी बसून त्याला संत्रं सोलून देत होते. दिसत नसलं की माणूस बोलतो.

दिवेलागणीला तो घड्याळवाल्यांकडून परतला आणि मागच्या दाराने बेकरीत शिरला. कणीक फेकायची, एवढंच डोक्यात होतं. मागे मोरी होती. काठवट तिरकी केली की काम झालं. उद्या मंडळी उपाशी राहिली तर राहू दे. मुंगी आयुष्यभर बोलली नाही तर न बोलू दे.

"उचललीसुद्धा होती," तो म्हणाला. "फडकं घसरलं. सवयीने बोट टोचून बघितलं. खड्डा हळूहळू भरत होता. अगदी वेळेला आली होती ती. आणखी थोडी राहिली असती तर आंबट झाली असती."

"मग?"

"मग काय. मी माणूस वाईट असेन, बेकर वाईट नाही."

त्याने काठवट खाली ठेवली. हात धुतले. मीठ घातलं आणि मळलं. कणीक हाताला घट्ट लागत होती. मीठ आधीच पडलेली कणीक अशी लागते. एरवी त्याने जिभेच्या टोकावर कण ठेवून पाहिला असता, पण शनिवारच्या कणकेची चव घ्यायची नाही.

"हात सांगत होते," थोरला म्हणाला. "पण त्या दिवशी मी कोणाचंच ऐकत नव्हतो."

"मनातलं मिटलं होतं का तेव्हा?"

"छे. वाकडंच होतं सगळं. तसाच मळत होतो." त्याने संत्र्याच्या फोडीसाठी हात पुढे केला. "आजोबांचा नियम मी मोडला. त्याने नाही."

थोरला कणीक पुन्हा झाकून निघून गेल्यावर धाकटा परत आला. कणीक आळशीपणे फुगत होती. खोली गार असेल असं त्याला वाटलं. त्याने तिचा गोल बांधला, भट्टीत सारला, आणि लाकडी फावड्याने काढून आईपुढे ठेवला. दिसायला भाकर अशी होती की आईने तिच्यावर फडकं घालायला मुद्दाम वेळ लावला.

*

आमच्या चर्चमध्ये लोक पुढे जात नाहीत. मंडळी बाकांवर बसलेली असते आणि भाकरीचे तुकडे ताटातून फिरतात. फिरवणारा सेवक सगळ्यात शेवटी घेतो.

मुंगी पहिल्या बाकावर होती, पांढऱ्या पोशाखात. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो तोंडात टाकला. चावता चावता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्या बायकांना वाटलं, आईच्या आठवणीने आलं. ती मान वळवून मागच्या बाकाकडे बघू लागली, मग बापाकडे, मग पुन्हा मागे.

थोरला ताट घेऊन निघाला. दुसऱ्या बाकावर कोणीतरी खोकलं. तिसऱ्यावर तिघं. तुकडा माझ्या जिभेवर आला तेव्हा मला कळलं. समुद्राचं पाणी गिळावं तशी भाकर. घड्याळवाल्यांनी रुमाल काढला, आणि आईने त्यांच्याकडे असं बघितलं की तो त्यांनी पुन्हा खिशात घातला आणि घास गिळला. आईने स्वतः आपला तुकडा सावकाश चावला, सबंध, हनुवटी वर करून. असा एकही माणूस नव्हता ज्याच्याकडे तिने बघितलं नाही.

थोरल्याच्या पावलांचा वेग कमी होत गेला. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत तो माणसांचे चेहरे वाचत होता, आणि त्याला काय ते कळत होतं.

मागच्या बाकावर धाकटा एकटा होता. त्याने हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. ताट समोर आलं. त्याने मान हलवली.

थोरला पुढे गेला नाही. पाळकसाहेब कपाळ पुसत होते. पंच एकमेकांकडे बघत होते. मी दोन बाकं पुढे होते आणि मी उघड वळून बसले होते. चांगलं दिसतं का, याची मला त्या वेळी पर्वा नव्हती.

"मीठ घातलं होतंस?" थोरल्याने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने भावाला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द.

"मळतानाच."

"मीपण घातलं."

धाकट्याने वर पाहिलं. "तू?"

"झोपेतून उठल्यावर."

धाकट्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो ताटातल्या तुकड्यांकडे बघत राहिला, त्यांच्यात कोणाचे हात कुठपर्यंत होते ते शोधत असल्यासारखा. तरी हात मांड्यांखालीच.

"घे," थोरला म्हणाला. "माझे हात दुखायला लागले."

"दादा, मी नाही..."

"तुला विचारलं नाही मी. मी काही सोडलेलं नाही. तरी घे."

धाकट्याने हात काढला आणि तुकडा उचलला. थोरल्याने तिथेच, त्याच्यासमोर उभं राहून, शेवटचा तुकडा आपल्या तोंडात टाकला. दोघांनी एकदम चावला, दोघांचे चेहरे एकदम वाकडे झाले. बाबांचा चेहरा दोन ठिकाणी दिसला. पहिल्या बाकावरून मुंगीचं हसू फुटलं ते मी ऐकलं. तिने ते दाबायचा प्रयत्नही केला नाही.

बाहेर नळावर पाणी प्यायला रांग लागली होती. घड्याळवाले ओंजळ पुसत आईपाशी आले. "बाई, हे नियमात बसतं का? एकाने कबुली दिली नाही, दुसऱ्याचं मन साफ नाही, आणि अशी भाकर मंडळीला."

"नियम माझ्या मामंजींचा होता," आई म्हणाली. "भाकर त्यांची नव्हती."

"पण खारट..."

"गिळलीत ना? झालं तर."

घरी जाताना दोघे भाऊ एकत्र चालले नाहीत. एक रस्त्याच्या या कडेने, एक त्या कडेने, आणि मधून आई मुंगीच्या खांद्यावर हात ठेवून. ते बोलू लागायला आणखी बराच काळ गेला. पण पुढच्या शनिवारी मी भट्टीच्या खोलीत गेले तेव्हा काठवट झाकलेली होती आणि खोलीत कोणी नव्हतं. ओल्या फडक्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारलेली होती. कोणाची, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. मीठ घातलं आहे, एवढंच ती गाठ सांगत होती, जो नंतर येईल त्याला.